बीदरचे लाकूड आणि घरची पटाशी

बीदरचे नाव निघाले की आपल्याकडे प्रथम आठवते ती बिदरी सुरई. काळ्याभोर अंगावर रुपेरी वेलबुट्टी मिरवणारी. लग्नात आहेर म्हणून आलेली एखादी अत्तरदाणी किंवा पानाची डबी अनेक घरांतील कपाटांत जपून ठेवलेली असते. परंतु ह्याच शहराच्या किल्ल्यात लाकडावरचे जुने कोरीवकाम आहे, आणि ते दख्खनमधील लाकूडकामाच्या उत्तम नमुन्यांत गणले जाते, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात असते. फावल्या वेळी हाती पटाशी धरून एखादे फूल, एखादी चौकट, देवघराची किंवा वेदीवरची एखादी पट्टी कोरणारे हौशी लोक आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी एकवार तरी बीदरला जावे, आणि तेथून काय घेऊन यावे, हे सांगण्याकरिता हा लेख.

बीदर मराठी माणसाला परके नाही. उदगीरहून आगगाडीत बसले की भालकी ओलांडून थोड्याच वेळात बीदर येते. हैदराबाद संस्थानाच्या काळात उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा ते मुंबई राज्यात आले, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्याकडे म्हणजे आजच्या कर्नाटकाकडे गेला. सीमा कागदावर आखली गेली. सोयरिकी, बाजार आणि जत्रा मात्र तिच्या दोन्ही बाजूंना पूर्वीप्रमाणेच चालू राहिल्या. बीदरच्या बाजारात आजही कानडी, मराठी, दखनी उर्दू आणि तेलुगू ह्या चारही भाषा कानांवर पडतात. शहर जांभ्या दगडाच्या पठारावर वसले आहे. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर. पावसाळा सोडला तर हवा कोरडी असते, आणि उन्हाळा कडक. ह्या कोरड्या हवेचा पुढे लाकडाशी संबंध येणार आहे, म्हणून ती आताच लक्षात ठेवावी.

बहमनी सुलतानांची राजधानी १३४७ सालापासून गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, येथे होती. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशहा वली ह्याने ती बीदरला हलविली आणि पठाराच्या कडेवर मोठा किल्ला बांधविला. बहमनी सत्ता विस्कटल्यावर बीदर बरीदशाहीकडे आले. त्या घराण्यातील अली बरीदशहा ह्याने १५४२ ते १५८० ह्या काळात राज्य केले. किल्ल्यात गुंबद दरवाजाजवळ जो रंगीन महाल आहे, त्याला आजचे रूप ह्याच राजाने दिले. महाल आकाराने लहान आहे. राजवाडा म्हणून तो कोणाला दिपविणार नाही. परंतु आत पाऊल टाकताच दृष्टी वर जाते ती लाकडी खांबांकडे आणि त्यांच्या माथ्यावरील हस्तांकडे. खांब, हस्त आणि तुळया ह्यांवर नक्षी कोरलेली आहे. आतील दालनाच्या दारापाशी काळ्या कठीण दगडात शिंपले जडविले आहेत, आणि भिंतींवर रंगीत फरश्यांचे अवशेष आहेत. महालाला ‘रंगीन’ हे नाव पडले ते ह्या रंगसंगतीवरून. लाकडाचे काम देशी देवळांच्या आणि वाड्यांच्या परंपरेतले आणि फरश्यांचे काम इराणी वळणाचे. दोन्ही एका छपराखाली नांदतात. हा महाल नेहमी उघडा असतोच असे नाही. किल्ल्यातील पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात आधी चौकशी करावी, म्हणजे फेरा फुकट जात नाही.

येथे हौशी कोरक्याने घाई करू नये. छायाचित्र काढून पुढे जाणाऱ्याला जे दिसत नाही, ते एका खांबापुढे अर्धा तास उभे राहणाऱ्याला दिसते. प्रथम उजेड कोणत्या बाजूने येतो ते पाहावे. कोरीवकाम हे मुळी सावलीचे काम आहे. समोरून प्रकाश पडला तर उत्तम नक्षीही सपाट दिसते. बाजूने तिरपा पडला तर प्रत्येक पाकळीची कड उठून येते. म्हणून घरी काम करतानाही खिडकी किंवा दिवा एका बाजूस, शक्यतो डावखुऱ्याने उजवीकडे आणि उजव्या हाताच्या माणसाने डावीकडे ठेवावा. डोक्यावरच्या दिव्याखाली कोरणाऱ्याला आपण किती खोल गेलो हे कळत नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. जे काम माणसाच्या डोक्यावर राहणार, ते खोल आणि ठसठशीत असावे लागते. तेथे बारीक रेघोट्या काढल्या तर खालून दिसत नाहीत. जे काम हातात धरून पाहावयाचे, जसे पेटीचे झाकण, ते उथळ आणि नाजूक चालते. आपण कोरणार ती वस्तू किती अंतरावरून पाहिली जाणार, हे आधी ठरवावे आणि मग नक्षी निवडावी. तिसरी गोष्ट मोकळ्या जागेची. खांबावर जेथे नक्षी नाही, त्या पट्ट्याही तितक्याच नीट पाहाव्यात. नवशिका सर्व लाकूड भरून टाकतो; जुना कारागीर डोळ्याला विसावा ठेवतो. सोबत एक वही न्यावी आणि एकच फूल किंवा एकच पट्टी तिच्यात उतरवून घ्यावी. कागद ठेवून घासून ठसा घेण्याचा मोह होईल. परंतु संरक्षित वास्तूला हात लावू नये. हातांचा घाम आणि घर्षण हे जुन्या लाकडाचे शत्रू आहेत.

चारशेहून अधिक वर्षे हे लाकूड कसे टिकले, असा प्रश्न साहजिकच पडतो. लाकडाला खाणारे तीन: ओल, वाळवी आणि आग. वर छप्पर असले, पाय जमिनीच्या ओलीपासून दूर असले आणि हवा खेळती असली, तर चांगले लाकूड शतकानुशतके राहते. बीदरच्या कोरड्या हवेने आपला वाटा उचलला आहेच. पण हीच कोरडी हवा ओल्या लाकडाला फाडते, हेही तितकेच खरे. झाड तोडल्यावर लाकूड आटते. लांबीत जवळजवळ नाही, परंतु रुंदीत आटते, आणि वर्तुळांच्या वळणाच्या दिशेने गाभ्याच्या दिशेपेक्षा सुमारे दुप्पट. ह्या विषम आटण्यामुळेच ओंडक्याला गाभ्यापासून सालीपर्यंत भेग जाते. म्हणून गाभा ज्यात आहे असा तुकडा कोरण्यास घेऊ नये. ताजे लाकूड मिळाल्यास त्याच्या दोन्ही टोकांना मेण किंवा रंग लावावा. खेड्यांत शेण लिंपतात, तेही त्याच हेतूने, कारण टोकांतून पाणी सर्वांत लवकर निघून जाते. मग सावलीत, खाली दोन पट्ट्या घालून, वारा लागेल असे रचून ठेवावे. जाडीच्या दर इंचाला सुमारे एक वर्ष, हा सुतारांचा जुना अंदाज आहे.

नवशिक्याने कोणते लाकूड घ्यावे? शिवण मिळाली तर उत्तम. ती हलकी, एकसारखी आणि पटाशीला मऊ असते. पांगाराही मऊ, सावंतवाडीच्या खेळण्यांना तो वापरतात, पण बारीक नक्षीच्या कडा त्यात टिकत नाहीत. सागवान सुरेख दिसते आणि टिकते; मात्र त्याच्या अंगात वाळूसारखे कण असतात, त्यामुळे धार लवकर बोथट होते. शिसव कठीण आणि महाग, ती दोन-तीन वर्षे हात बसल्यावर घ्यावी. बाभूळ कोरण्यास नव्हे, परंतु मोगरी करण्यास फार चांगली. पुठ्ठ्याचा तुकडा उचलावा तसे पहिले लाकूड उचलू नये. त्याचे धागे कोणत्या दिशेने धावतात ते बोटाने आणि डोळ्याने पाहावे. बैलाच्या पाठीवरून हात फिरविताना केस ज्या दिशेने बसतात त्या दिशेने हात सुळकन जातो आणि उलट दिशेने फिरविला तर केस उभे राहतात. पटाशीचेही तसेच आहे. उंचावरून खोलगट भागाकडे कापत जावे. लाकूड उचकटू लागले की जोर वाढवू नये. थांबावे आणि उलट्या बाजूने यावे.

किल्ल्यातून शहरात आले की मध्यभागी चौबारा नावाचा गोल बुरूज लागतो. त्याच्या आसपासच्या रस्त्यांवर बिदरी कारागिरांची दुकाने आणि कारखाने आहेत. लाकूड कोरणाऱ्याने येथे एक सकाळ काढावी. कारण धातू वेगळा असला तरी हत्यार, रेषा आणि हात ह्यांचा हिशेब तोच आहे. बिदरीचा धातू जस्त आणि तांबे ह्यांचा. सोळा भाग जस्ताला एक भाग तांबे असे साधारण प्रमाण. मातीच्या साच्यात भांडे ओतून काढतात, कानशीने साफ करतात, आणि मग त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवितात. त्यामुळे पृष्ठभाग तात्पुरता काळा होतो आणि टोकदार सळईने ओढलेली रेघ पांढरी, स्पष्ट दिसते. नंतर लहान छिन्नीने ती रेघ खोदतात, खाचेत चांदीची तार बसवून हलक्या हातोडीने ठोकतात. तारेच्या ह्या कामाला तारकशी म्हणतात; पत्रा बसविला तर तहनिशान. शेवटी भांडे तापवून त्यावर नवसागर आणि किल्ल्यातील जुनी माती ह्यांचा लेप चोळतात. धातू काळा होतो, चांदी मात्र पांढरीच राहते. ह्या कलेसाठी बीदरचे शाह रशीद अहमद कादरी ह्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

ह्या कारखान्यात लाकूडवाल्याला तीन धडे फुकट मिळतात. पहिला धडा पकडीचा. कारागीर वस्तू हातात धरून खोदत नाही; ती मेण आणि राळ ह्यांच्या गादीवर घट्ट बसवितो, आणि दोन्ही हात हत्याराला देतो. घरोघरी जे अपघात होतात, ते बहुधा एका हातात लाकूड आणि दुसऱ्या हातात पटाशी धरल्याने. लाकूड शिकंज्यात किंवा मेजाला ठोकलेल्या पट्ट्यांच्या चौकटीत बसवावे. दोन्ही हात धारेच्या मागे असावेत. पातळ तुकडा असेल तर तो एका जाड फळीवर चिकटवावा, पण मध्ये जाड कागद घालावा. काम झाल्यावर पातळ सुरी सरकविली की कागद फाटतो आणि कोरलेला तुकडा इजा न होता सुटतो.

दुसरा धडा रेषेचा. धातू काळा करून रेघ पांढरी काढण्याची युक्ती आपणही वापरावी. पांढऱ्या लाकडावर टोकदार, गडद पेन्सिल; काळपट सागवानावर किंवा शिसवीवर पांढरा खडू. पृष्ठभाग खाली घेताना रेघ कापली जाते, ती प्रत्येक थरानंतर पुन्हा काढावी. नुसत्या अंदाजाने पुढे गेल्यास फूल तिरके होते.

तिसरा धडा क्रमाचा. बिदरीत कोणी अर्धे भांडे पुरे करून उरलेले अर्धे हाती घेत नाही. सर्व रेषा, मग सर्व खाचा, मग सर्व तारा. लाकडातही तसेच करावे. आधी नक्षीच्या कडेने सरळ उभी पटाशी ठोकून काप घ्यावा, म्हणजे लाकूड उचकटले तरी त्या कापापाशी थांबते. मग भोवतालची जमीन सर्वत्र सारखी खाली घ्यावी. मग पाकळ्यांना मोठा उतार द्यावा. कोणती पाकळी वर, कोणती खाली, हे येथेच ठरते. सर्वांत शेवटी शिरा आणि दाणे. पहिल्याच दिवशी शिरा काढणाऱ्याच्या शिरा दुसऱ्या दिवशी कापल्या जातात.

आता हत्यारांविषयी. बाजारात बारा पटाश्यांचा संच मिळतो. नवशिक्याला त्यातील चार पुरतात. एक सपाट पटाशी, अर्ध्या इंचाची. दोन गोल पटाश्या, एक उथळ आणि एक खोल. आणि एक तीनधारी, इंग्रजी व्ही अक्षरासारखी. उरलेले पैसे धारेच्या दगडावर खर्च करावेत. कोरण्याच्या पटाशीच्या धारेचा कोन साधारण २० ते २५ अंश असावा. मऊ लाकडाला कमी, कठीण लाकडाला थोडा जास्त. दगडावर पाणी किंवा तेल, दगडाच्या जातीप्रमाणे, घालून पटाशी घासत जावे, जोवर धारेच्या पलीकडच्या बाजूला बारीक खरखरीत कोर बोटाला लागत नाही. ती कोर मग चामड्याच्या पट्ट्यावर ओढून काढावी. जुने न्हावी वस्तरा पट्ट्यावर ओढीत असत, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगावयास नको. पारख सोपी आहे: मऊ लाकडाच्या टोकावर, धाग्याला आडवा, काप घ्यावा. काप चकचकीत आला तर धार ठीक. पांढुरका आणि चुरडलेला आला तर पुन्हा दगडाकडे. बोथट पटाशीला जोर लागतो, जोराने हात घसरतो, आणि जखम होते. म्हणून मुलांच्या हाती बोथट हत्यार ‘सुरक्षित’ म्हणून देऊ नये. दर अर्ध्या तासाने पट्टा, हा नियम धरावा.

कोरीवकाम पुरे होईपर्यंत त्याला पॉलिशपेपर लावू नये. कागदाचे कण लाकडाच्या छिद्रांत अडकतात आणि पुढची धार खातात. खरे तर धारदार पटाशीने सोडलेला पृष्ठभाग कागदाने घासलेल्या पृष्ठभागापेक्षा अधिक तजेलदार दिसतो; घासल्याने कडा गोल होतात आणि सावली मरते. सागवान व शिसव ह्यांची भुकटी काहींच्या त्वचेला व श्वासाला त्रास देते, म्हणून घासताना नाकावर फडके बांधावे.

शेवटी तेल. बिदरी भांड्याला झळाळी यावी म्हणून तेल चोळतात. ते पाहून कोणी लाकडाला खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल लावील, तर ते चिकट राहून धूळ धरील, कारण ही तेले वाळत नाहीत. लाकडाला जवसाचे तेल लावावे. ते हवेने हळूहळू घट्ट होते. ह्या सीमाभागाच्या काळ्या जमिनीत जवस पूर्वीपासून होत आला आहे. पातळ हात द्यावा, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेले पुसून घ्यावे, एकदोन दिवस वाळू द्यावे, आणि असे तीनदा करावे. वर मधमाश्यांचे मेण चोळले तर हाताला मऊ लागते. एक सावधगिरी मात्र अवश्य पाळावी: जवसाच्या तेलाने भिजलेले फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. तेल वाळताना उष्णता निघते आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडके दोरीवर एकेरी पसरून वाळवावे, किंवा पाण्यात बुडवून मगच टाकावे.

बीदरहून कलबुर्गीकडे हुमनाबादवरून जाता येते. २०१७ पासून ह्या दोन शहरांमध्ये रेल्वेही आहे. हुमनाबादला वीरभद्रेश्वराची जत्रा भरते, कलबुर्गीस होळीनंतर शरणबसवेश्वरांची, आणि दोन्ही ठिकाणी रथ ओढला जातो. रथ उभा असताना त्याची चाके आणि सांधे पाहावेत. हजारो हातांची ओढ सोसणाऱ्या लाकडात ताकद कोणत्या दिशेने ठेवली आहे, हे तेथे कळते: धागा नेहमी ओझ्याच्या दिशेने. आपल्या लहान कामातही फुलाचा देठ धाग्याच्या दिशेने ठेवावा. आडव्या धाग्यातील बारीक देठ आज ना उद्या मोडतो.

ह्या वाटेवर एक गोष्ट मनाला लागल्यावाचून राहत नाही. भालकी, बसवकल्याण, आळंद आणि पलीकडे उदगीर, निलंगा, उमरगा ह्या सगळ्या पट्ट्यात जुनी घरे माळवदाची. दगड-मातीच्या जाड भिंती, आत लाकडी खांबांचे खण, वर मातीचे जड छत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला, अशा घरांच्या भिंती आणि छते कोसळली, आणि हजारो माणसे त्यांखाली गेली. त्यानंतर लोकांनी दगड-मातीचे घर टाकून सिमेंटचे घर धरले, ह्यात त्यांना कोण दोष देईल? परंतु घर पाडताना जुने खांब, कोरलेले हस्त, दाराच्या चौकटी हेही ओझे म्हणून निघाले. काही लाकूड व्यापाऱ्याने नेले, काही चुलीत गेले. ज्याने ते कोरले त्याचे नाव कोठेच नव्हते. त्याची एकमेव सही त्या लाकडावर होती.

हौशी कोरक्याला येथे मोठी संधी आहे, आणि एक जबाबदारीही. पाडलेल्या घरातील सागवान पन्नास-शंभर वर्षे वाळलेले असते; त्याहून भरवशाचे लाकूड वखारीत मिळणे कठीण. कोरी तुळई मिळाली तर ती अवश्य घ्यावी. आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधावेत, कारण एक खिळा महिनाभराची धार खातो. बारीक छिद्रे आणि त्यांतून गळणारी ताजी भुकटी दिसली तर कीड जिवंत आहे असे समजून तो तुकडा घरातील इतर लाकडाशेजारी ठेवू नये. पण ज्यावर पूर्वीच कोरीवकाम आहे, त्या तुकड्यावर आपली पटाशी चालवू नये. त्याची धूळ मऊ कुंचल्याने झाडावी, मागील बाजूस गाव, घर आणि वर्ष लिहावे, आणि तो भिंतीवर तसाच ठेवावा. मोडलेला कोपरा असेल तर त्याच जातीचे लाकूड, धागा जुळवून, बसवावे. जुने घासून नव्यासारखे करू नये.

आणि मग त्याच्याच शेजारी नवी पाटी घेऊन त्याच फुलाची नक्कल करावी. जुना कारागीर ज्या क्रमाने गेला, तो क्रम नक्कल करताना हाताला कळतो: त्याने कोठे उभा काप घेतला, कोठे गोल पटाशी फिरविली, कोठे त्याचे हत्यार अडखळले. बिदरी कारागिरांची मुले इतर धंद्यांकडे वळत आहेत, सुतारांची मुलेही वळत आहेत; पोटासाठी ती जातात आणि ते योग्यच आहे. धंद्याने जे ज्ञान सांभाळले ते आता काही अंशी हौसेने सांभाळावयाचे आहे. ह्या सुट्टीत घरातील एखाद्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून चार पटाश्या, एक धारेचा दगड आणि वीतभर शिवणीची फळी एवढ्यावर आरंभ करावा. पहिले फूल ओबडधोबड येईल. त्याच्या पाठीवर तारीख घालून ते जपून ठेवावे, आणि दुसऱ्या फुलासाठी धार लावावयास घ्यावी.